कराची ते हैदराबाद, साडेचारशे कोस

कराचीच्या विमानतळापासून हैदराबादच्या विमानतळापर्यंत अंतर किती, आणि ते तोडण्यास विमानास वेळ किती लागतो, हा प्रश्न हिंगोलीच्या तहसील कचेरीत प्रथम कोणी लेखी मांडला असेल, तर तो मी. हे मोठेपणासाठी सांगत नाही. ज्यास खरेखोटे करावयाचे असेल त्याने त्या प्रकरणाच्या कागदांची मिसल काढून पाहावी. माझे अक्षर दुरूनही ओळखू येते. त्या पहिल्या अर्जात एक चूक आहे. ती कशी घडली हेही मी सांगणार आहे, कारण तिच्याविषयी कचेरीत पुष्कळांनी पुष्कळ सांगितले, आणि त्यातले निम्मे तरी असत्य होते.

मी अर्जनवीस आहे. उर्दू मदरशात पाच यत्ता झाल्या आणि सहावीत वडील वारले, म्हणून पाटीच्या जागी दौत आली. इंग्रजी अक्षरे मी स्टेशनावरील फलक वाचून जुळवली. कचेरीच्या ओसरीवर उत्तरेच्या खांबाजवळ माझी चटई व लाकडी पेटी, आणि तिथे बसून वीस वर्षे मी लोकांचे म्हणणे सरकारी भाषेत उतरवीत आलो. आमच्याकडे अर्जाच्या अखेरीस अर्जदाराचा अंगठा येतो व त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव. वकील आपले नाव वर लिहितात, आम्ही खाली. पण अर्जात काही वाकडे निघाले की साहेब आधी खालचेच नाव वाचतो.

लढाईच्या दिवसांत कनेरगाव नाक्याच्या अलीकडील एका वाडीची धनगरीण माझ्याकडे आली. नवरा त्याच वर्षी वारला होता. एकुलता मुलगा नाका ओलांडून वाशीमला गेला होता, कारण पलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड आणि तिथे फौजेची भरती चालू. अलीकडे आमचे निजामसरकार. मुलगा भरती होऊन कराचीच्या छावणीत पोचला. बापाच्या नावावरील माळाचे शेत आता त्याच्या नावावर चढावयाचे होते. इतक्यात तिच्या चुलत दिराने कचेरीत लिहून दिले की मुलगा लढाईत मेला, कुटुंब एकत्र आहे, सबब शेत माझ्या नावे करावे. पाटलाने दुजोरा दिला. विरासतीच्या, म्हणजे वारसाच्या, कागदावर मुलाच्या नावापुढे ‘मयत’ असा शब्द पडला, आणि कोणास हरकत असल्यास महिन्याच्या आत मुलगा तरी हजर करावा, नाहीतर या हुकुमाच्या तारखेनंतरचे त्याच्या हयातीचे प्रमाणपत्र तरी आणावे, असा हुकूम निघाला.

“दादा,” ती म्हणाली, “शेत ऱ्हायलं बाजूला. जित्या पोराले मेला लिवलं. हे पुसाव लागते.”

मी छावणीच्या अधिकाऱ्यास पत्र लिहिले. मुदत थोडी होती, म्हणून पत्राच्या माथ्यावर लाल शाईने लिहिले की उत्तर हवाई टपालाने धाडावे. हिंगोलीत तोपर्यंत हवाई टपालाचे नाव काढणारा दुसरा अर्जनवीस नव्हता.

महिन्याच्या मुदतीतली अखेरची तारीख शनिवारची होती. आदल्या दिवशी, शुक्रवारी, कचेरीला सुट्टी असते. तरी मी ओसरीवर होतो. दुपारी ती धनगरीण मोटारीतून उतरली ती रडतच आली. पदराच्या गाठीतून घडी केलेला एक कागद तिने माझ्यापुढे टाकला आणि खांबाला डोके टेकून बसली.

“वाचा,” ती म्हणाली. “वाचून फाडून टाका. मले ठाव हाय काय हाय ते.”

“काय ठाऊक आहे?”

“लखोट्याचा कोपरा फाटेल होता.”

आमच्या मुलखात मृत्यूची बातमी असलेल्या पत्राचा कोपरा फाडून पाठवितात, हे सर्वांस माहीत आहे. असे पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेर वाचतात आणि तिथेच नाहीसे करतात. टपालवाल्याने ते तिला वेशीबाहेरूनच दिले होते. वाडीत वाचणारा कोणी नव्हता, म्हणून तिने आतला कागद काढून घेतला आणि लखोटा तिथेच वेशीबाहेर काटक्या पेटवून जाळला.

मी कागद उघडला. फौजेत उर्दूच लिहितात, पण इंग्रजी अक्षरांत. त्यामुळे एकेक अक्षर जुळवून शब्द तोंडाने म्हटला की अर्थ कळतो. मी मोठ्याने वाचू लागलो आणि दुसऱ्या ओळीत ‘ज़िंदा’ हा शब्द आला. तो मी पुन्हा जुळवला. खाली अधिकाऱ्याची सही, छावणीचा शिक्का, मुलाचा अंगठा, आणि तारीख त्याच आठवड्यातील सोमवारची.

“मावशी, पोरगं जिवंत आहे.”

तिने खांबावरचे डोके उचलले. मग तिने विचारले, “मंग कोपरा काहून फाडला?”

“कोणी फाडला नाही. थैलीत घासून फाटला असेल.”

“मेल्याहो,” ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळले नाही. डाक वाहणाऱ्या साऱ्यांनाच म्हणाली असावी.

मला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. पत्र सोमवारचे, हाती पडले शुक्रवारी. ज्यावर कराचीचा ठसा होता, हैदराबादचा होता, हवाई टपालाची निळी चिठ्ठी होती, तो लखोटा राख झाला होता. साध्या पत्राची टपालात नोंद राहत नाही. आगगाडीने कराचीची डाक आठ दिवसांच्या आत येत नाही, हे कचेरीतला शिपाईसुद्धा जाणत होता. उद्या कोणी विचारले की चार दिवसांत हा कागद आला कसा, तर उत्तर विमान एवढेच होते, आणि विमान कचेरीत कोणी पाहिले नव्हते.

म्हणून मी त्याच दुपारी मास्तरांना घरून घेऊन बंद शाळेत गेलो. मास्तरांनी भिंतीवरचा हिंदुस्थानचा नकाशा टाचणी न टोचण्याच्या अटीवर मोजू दिला. मी सुती दोरा घेतला. एक टोक कराचीवर, दुसरे हैदराबादवर, मधे ताण. नकाशाखालच्या मापपट्टीवर तो धरला. नऊशे मैलांच्या आसपास, म्हणजे आपले साडेचारशे कोस. विमान तासाला पन्नास कोस जाते, असे मी वर्तमानपत्रात वाचले होते. नऊ तास. मी अर्ज लिहिला: ‘दोन्ही विमानतळांमधील अंतर साडेचारशे कोस असून विमानास तेथून येथे येण्यास नऊ तास पुरतात; करिता हा कागद चार दिवसांत पोचला यात नवल नाही.’ प्रमाणपत्र त्यास जोडले. वाक्य मला आवडले होते, हे मी लपवीत नाही.

शनिवारी नायब तहसीलदारांपुढे मिसल निघाली. हे वयस्क गृहस्थ, कमी बोलणारे. कागद त्यांच्यापुढे ठेवणारा व आधी स्वतः वाचणारा पेशकार मात्र जिभेचा तिखट. चुलत दीर मोठा फेटा बांधून आला होता.

पेशकाराने माझा अर्ज वाचला, मग प्रमाणपत्र पाहिले, मग माझ्याकडे.

“मुनशीजी, नऊ तास?”

“नऊ तास.”

“म्हणजे सोमवारी सकाळी निघालेला कागद सोमवारी संध्याकाळी हैदराबादेत. रात्रीची गाडी धरली तर मंगळवारी हिंगोलीत. बराबर?”

“बरोबर.”

“आणि बाईच्या हातात शुक्रवारी. मग मधले तीन दिवस तुमचं विमान बाभळीवर बसलं होतं का?”

ओसरीवरची माणसे हसली. चुलत दिरानेही हसून घेतले आणि पुढे होऊन म्हणाला, “सरकार, टपालवाल्याले इचारा. लखोट्याचा कोपरा फाटेल होता. मयताचा कागद होता तो. वैनीनं जाळला. हा दुसरा कागद हितंच शाई घालून तयार झाला.”

टपालवाल्यास बोलावले. तो भला माणूस. कोपरा फाटला होता खरा, म्हणाला, आतलं मला ठाऊक नाही. सत्यच बोलला, आणि त्याच्या सत्याने आमची बाजू अधिक खचली. आता प्रश्न मुलाच्या हयातीपुरता राहिला नव्हता. खोटा कागद कोणी केला असेल, तर इंग्रजी अक्षरे जाणणारा अर्जनवीस त्या ओसरीवर एकच होता.

नायब साहेबांनी मिसल मिटली. “आठ दिवस,” ते म्हणाले. “चार दिवसांचा हिशोब दिवसागणिक द्या. नाही दिला तर ‘मयत’ कायम.”

बाहेर आल्यावर मी चटईवर बसलो आणि दोरा पेटीतून काढून पुन्हा पाहिला. दोऱ्यात चूक नव्हती. धनगरीण समोर उकिडवी बसली होती.

“दादा, इमान कुठं कुठं बसते?” तिने विचारले.

“बसत नाही मावशी. उडते.”

“बसत न्हाई असं व्हईन का? घारबी बसते. आमी मेंढरं घेऊन गोदेकाठाले जातो. कोणी इचारलं किती लांब, तं आमी कोस न्हाई सांगत. मेंढरांचा रातचा वाडा कुठं कुठं पडते ते सांगतो. पह्यला वाडा औंढ्याच्या माळाले, दुसरा पूर्णेच्या काठाले, तिसरा पाऊस पाहून. एकटा माणूस दोन दिसांत जाते. मेंढरं आठ दिस घेतात. तुमी माणसाचे कोस मोजले अन् मेंढरं हाकलून ऱ्हायले.”

मला त्या बाईचा राग आला. वीस वर्षे लिहिणाऱ्या माणसास मेंढरे हाकणारी अंतर शिकविते, असे वाटले. मी तिला दोन शब्द कठोर बोललो, ते इथे लिहीत नाही. ती उठली नाही. “कागद तं थैलीत बसून आला ना,” ती म्हणाली. “थैली कुठं कुठं उतरली ते पुसा.”

रविवारी इंग्रजी टपाल कचेरी बंद, म्हणून सोमवारी मी तिथे गेलो. पोस्टमास्तर मद्रासकडचे, मराठी बेताचे, स्वभावाने सावध. हवाई टपालाचा छापील तक्ता त्यांच्या मेजावर काचेखाली होता. तो मला उलटा दिसत होता. मी विचारताच त्यांनी त्यावर वही ठेवली.

“लढाई आहे,” ते म्हणाले. “विमान कधी येते, कधी जाते, सांगायचे नाही.”

“विमान कधी येते हे मी विचारीत नाही. कराचीत सोमवारी संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र कनेरगाव नाक्याला कधी मिळते, हे विचारतो. हे सांगण्यासाठीच सरकारने आपणास इथे बसविले आहे.”

“लेखी देणार नाही.”

“तहसील कचेरीने लेखी विचारले तर?”

त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. “सरकारी कागदाला सरकारी कागदाचे उत्तर द्यावे लागते,” ते म्हणाले.

मला एवढेच हवे होते. त्यांनी तोंडी जे सांगितले त्यावरून माझी चूक मला कळली. विमान कराचीहून सरळ हैदराबादला येतच नव्हते. ते अहमदाबादेस उतरे, मग मुंबईस; मुंबईस मुक्काम करी, कारण अंधारात डाकेचे विमान उडत नसे; दुसऱ्या दिवशी मुंबईहून निघून हैदराबादला बेगमपेठेस उतरे. असे वळून येता वाट पाचशे कोसांच्या वर जाते. मी दोरा ताणला होता, आणि तो वाटेत कुठेही उतरला नव्हता.

मी दुसरा अर्ज लिहिला. तो त्या धनगरिणीच्या रीतीने लिहिला, हे मी तेव्हा कोणास सांगितले नाही, आता सांगतो. सोमवार: कागदावर सही, थैली बंद, कराचीत मुक्काम. मंगळवार: कराचीहून उड्डाण, अहमदाबादेस उतार, मुंबईस मुक्काम. बुधवार: मुंबईहून हैदराबाद, तिथे डाकेची निवड, संध्याकाळची आगगाडी. गुरुवार: पूर्णा स्टेशनात गाडीबदल, हिंगोली. शुक्रवार: वाडी. सोमवारपासून शुक्रवारपर्यंतचे चारही दिवस भरले आणि एकही उरला नाही. खाली विनंती केली की टपाल कचेरीस विचारून खात्री करावी.

पेशकाराने तो अर्ज घेतला नाही. “एका मिसलीत दोन हिशोब चालत नाहीत,” तो म्हणाला आणि कागद माझ्याकडे सरकवला. तारखेच्या दिवशी मी तो हातात धरून नायब साहेबांपुढे उभा राहिलो आणि परवानगी न मागता वाचू लागलो. ओसरीवरचा लिहिणारा असे कधी करीत नाही. शिपाई पुढे आला. साहेबांनी हाताने त्यास थांबविले. वाचून झाल्यावर त्यांनी तिथेच टपाल कचेरीस चार ओळी लिहिल्या. शिपाई घेऊन गेला व दुपारपर्यंत पोस्टमास्तरांचे उत्तर आले. त्यात विमानाच्या वेळा नव्हत्या. एवढेच होते की अर्जात दाखविलेल्या मुदतीत असे पत्र पोचणे रीतसर आहे.

“एकदम बराबर,” साहेब म्हणाले.

पण पेशकार थांबला नाही. “हुजूर, पहिल्या अर्जात नऊ तास आहेत, दुसऱ्यात चार दिवस. पहिल्यात साडेचारशे कोस, दुसऱ्यात पाचशेच्या वर. यातला एक खोटा आहे. आधी मुनशीजींनी पहिला अर्ज परत घ्यावा.”

हे ऐकायला साधे वाटते. प्रमाणपत्र पहिल्या अर्जास जोडलेले होते. तो परत घेतला की प्रमाणपत्रही मिसलीतून बाहेर, आणि महिन्याची मुदत तर मागच्या शनिवारीच संपली होती. चुलत दिरास हे कोणीतरी आधीच समजावलेले असावे, कारण तो शांतपणे फेटा नीट करीत होता.

“परत घेणार नाही,” मी म्हणालो.

“मग खोटा कुठला ते लिहून द्या,” पेशकार म्हणाला. “आणि ध्यानात ठेवा मुनशीजी, ज्यानं आपल्या हातानं चूक लिहून दिली, त्याला ओसरीवर बसू देत नाहीत. आजवर एकानंही दिलेली नाही.”

हे खरे होते. चूक निघाली की आम्ही ती अर्जदाराच्या अंगावर टाकतो. ‘अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिले’ हे तीन शब्द त्यासाठीच असतात. तेही मी लिहू शकलो असतो. बाईचा अंगठा वर होताच. पण मग खोटे बोलणारी ती ठरली असती, आणि तिने आणलेला कागदही खोटा ठरला असता. तिला या डावपेचातले काही कळत नव्हते. ती माझ्या हाताकडे पाहत होती.

मी दौत मागून घेतली आणि पहिल्या अर्जाच्या कडेला, सर्वांदेखत, लिहिले: ‘दोन विमानतळांमधील सरळ अंतर साडेचारशे कोसच आहे व ते बरोबर मोजले आहे. वाटेतील मुक्काम धरले नाहीत, ही चूक लिहिणाराची असून अर्जदाराची नव्हे.’ खाली सही केली आणि नाव नेहमीपेक्षा मोठे काढले.

पेशकार ते वाचून म्हणाला, “कबुलीतही तुमचे साडेचारशे सुटत नाहीत.”

“का सुटावेत? नकाशा शाळेत आहे. दोरा आणू का?”

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली. माझी चटई त्याच आठवड्यात ओसरीवरून उचलली गेली. मी कचेरीच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली पेटी मांडली आणि तिथेच लिहू लागलो. माणसे तिथे आली. खांबाजवळच्या जागेसाठी मी पुढे कधी अर्ज केला नाही, आणि करणारही नाही.

पण हे नंतरचे. त्या दिवशी साहेबांनी विरासतीचा कागद ओढून घेतला. ‘मयत’ या शब्दावर आडवी रेघ मारली, वर ‘हयात’ लिहिले आणि कागद पेशकाराकडे दिला. तो मिटू लागला.

“थांबा,” मी म्हणालो. “बाजूला साहेबांची लहान सही हवी. नाहीतर उद्या कोणी म्हणेल की हेही मीच लिहिले.”

साहेबांनी सही केली. पेशकार पुन्हा मिटू लागला, तेव्हा धनगरीण उठून मेजापाशी गेली. इतका वेळ ती दाराजवळ बसली होती.

“सायेब, काय लिवलं ते वाचून दाखवा,” ती पेशकारास म्हणाली.

“लिहिलं ना बाई. झालं तुझं काम.”

“भाऊजीनं मेला म्हणून सांगितलं, ते तुमी मोठ्यानं वाचलं व्हतं. आता हेबी मोठ्यानं वाचा.”

पेशकाराने साहेबांकडे पाहिले. साहेब दुसरी मिसल उघडून वाचीत होते. पेशकाराने घसा साफ केला आणि मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि शेवटचा शब्द वाचला. ‘हयात’ हा कचेरीचा शब्द. तिने माझ्याकडे वळून विचारले, “म्हंजे?”

“जिवंत,” मी म्हणालो.

“मंग तसं म्हणा की.” ती चुलत दिराकडे वळली. तो पायऱ्यांकडे निघाला होता. “भाऊजी, थांबा जरा. सायेब वाचून ऱ्हायले.”

तो थांबला. पेशकाराने सारे पुन्हा वाचले, आणि शेवटी मराठीत ‘जिवंत’ म्हटले.

“एकडाव अजून,” ती म्हणाली.